वाइन शॉपला जागा बदलायची असेल, तर शेजाऱ्यांचा पाठिंबा किती कामाचा?

तळमजल्यावर वाइन शॉप असलेली एक जुनी इमारत पुनर्विकासाला जाते. वरचे रहिवासी भाड्याच्या घरात राहायला जातात. शेजारचा किराणावाला पलीकडच्या गल्लीत गाळा बघतो आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा दुकान मांडतो. वाइन शॉपवाल्याला तसं करता येत नाही. त्याचा परवाना त्याच्या नावावर असला, तरी तो एका पत्त्याला बांधलेला असतो. शंभर पावलांवरच्या गाळ्यात एक बाटली विकायची, तरी आधी सरकारची मंजुरी हवी.

पुनर्विकास हे झालं एक कारण. भाडेकरार संपणं, रस्ता रुंदीकरण, मालकाने गाळा विकणं, यामुळेही दुकान हलवावं लागतं. अशा वेळी जुन्या गल्लीतल्या लोकांना ते जवळपासच राहावं असं वाटलं, तर त्यांच्या म्हणण्याला काही किंमत असते का? आणि नव्या गल्लीतल्यांच्या म्हणण्याला?

‘नवं’ दुकान बहुतेकदा जुनंच असतं

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपण ज्याला वाइन शॉप म्हणतो, त्याचा महाराष्ट्रातला परवाना असतो एफएल-२. पाटीवर ‘वाइन’ असलं, तरी आतल्या फळ्यांवर व्हिस्की, रम आणि बिअर हेच जास्त दिसतं. राज्यात हे परवाने सुमारे १,७०० आहेत आणि सत्तरच्या दशकापासून नवे देणं जवळपास बंद आहे. (बिअर शॉपी आणि परमिट रूम यांचे परवाने वेगळे असतात.)

याचा अर्थ असा, की तुमच्या नव्या वसाहतीत अचानक वाइन शॉप उघडलं, तर ते बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी भागातून हलवलेलं असतं. रहिवाशांसाठी ते नवं, सरकारी कागदावर ते ‘स्थलांतरित’. परवाने मोजकेच असल्यामुळे त्यांची किंमत मोठी असते आणि जागा गेली म्हणून कोणी परवाना सोडून देत नाही. स्थलांतराचा अर्ज करतो.

मंजुरी कोण देतं?

जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हलवायचं असेल तर जिल्हाधिकारी, दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे आयुक्त. विभागाचे अधिकारी नव्या जागेची पाहणी करतात. शाळा आणि धार्मिक स्थळं यांच्यापासून नियमात सांगितलेलं अंतर आहे का, हे मोजलं जातं. जागेची कागदपत्रं तपासली जातात. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहील का, हेही पाहिलं जातं आणि स्थानिकांच्या तक्रारींचा विचार खरं तर इथेच होतो.

तक्रारींचाच. समर्थनाच्या शंभर सह्या अर्जाला जोडायला कोणी अडवत नाही, पण इतक्या सह्या आल्या की मंजुरी द्यावी, असं कुठलंही माप नियमात नाही.

तरी पाठीराखे असतातच. चांगलं भाडं मिळणार म्हणून गाळामालक, संध्याकाळच्या गर्दीवर चालणारे चणे-फुटाणे, सोडा आणि अंडाभुर्जीवाले, आणि अर्थात नेहमीचे गिऱ्हाईक. यातले शेवटचे सगळ्यात जास्त, आणि नाव घालून सही करायला सगळ्यात कमी. दारूच्या दुकानाच्या बाजूने उघडपणे बोलणं आपल्याकडे सोपं नाही.

या बाजूचा एक गंभीर मुद्दाही आहे. परवान्याचं दुकान गेलं म्हणून पिणं थांबत नाही, ते बेकायदा दारूकडे वळतं, असं अनेकांचं म्हणणं असतं. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला लागू झालेली दारूबंदी मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उठवली, तेव्हा अवैध दारू आणि वाढलेली गुन्हेगारी हीच कारणं पुढे केली होती. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक लोकांचा बळी घेतला, तो तर मुंबईत, जिथे परवान्याची दुकानं होती. म्हणजे स्वस्त दारूचा प्रश्न नुसतं दुकान ठेवून सुटत नाही, हेही तितकंच खरं.

मतपत्रिकेवरची उभी बाटली

दुकानाच्या बाजूने मत नोंदवायची एक जागा मात्र कायद्याने दिली आहे, आणि गंमत म्हणजे ती दुकान बंद करण्यासाठी आखलेल्या प्रक्रियेत आहे.

२००८ च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तितक्या जणांनी, मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा. उभी बाटली म्हणजे चालू ठेवा.

यातलं गणित नीट समजून घ्यायला हवं. आडवी बाटली जिंकायची तर झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण नोंदणीकृत मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. समजा गावात १,००० महिला मतदार आहेत. ६०० जणी मतदानाला आल्या, ४८० जणींनी बाटली आडवी केली आणि १२० जणींनी उभी. चारास एक असं बहुमत, तरी दुकान चालूच राहतं, कारण ५०१ चा आकडा गाठला नाही. घरी बसलेल्या ४०० जणी नकळत उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या गेल्या. मजुरीचा दिवस बुडवून मतदानाला यायचं, हाच अनेक ठिकाणी आंदोलनापुढचा मोठा अडथळा ठरतो.

पण हे मतदान चालू दुकानासाठी आहे. येऊ घातलेल्या दुकानासाठी तशी मतपेटी नाही.

एका निकालाने हजारो दुकानं हलली

१५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. ३१ मार्च २०१७ ला त्यात सवलत आली: २०,००० पर्यंत लोकसंख्या असलेल्या ठिकाणी २२० मीटर. देशभरातल्या दुकानदारांपुढे दोनच वाटा उरल्या, बंद करा नाहीतर आत वस्तीकडे सरका. सरकली तिथे विरोध उसळला. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमध्ये दुकानांच्या नव्या जागांवर महिला रस्त्यावर उतरल्या. अपघात कमी व्हावेत म्हणून दिलेल्या आदेशाने दारू घरांच्या जवळ आणली, अशी त्यांची तक्रार होती. चंदीगडने दुकानं हलवण्याऐवजी रस्त्यांचा दर्जाच बदलला. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना ही बंदी लागू नसल्याचं स्पष्ट केलं.

इंग्लंडमध्ये पाठिंबाही लेखी

इंग्लंड आणि वेल्समध्ये परवाना जागेला मिळतो, त्यामुळे दुकान हलवायचं म्हणजे नवा अर्ज. तो आला की त्या जागेवर फिकट निळ्या कागदाची नोटीस लावावी लागते आणि २८ दिवसांत कोणीही स्थानिक परिषदेला लिहून कळवू शकतो, विरोधात किंवा बाजूने. ‘दुकानदार भला माणूस आहे’ एवढं मात्र पुरत नाही. गुन्हे रोखणं, सार्वजनिक सुरक्षा, उपद्रव टाळणं आणि मुलांचं संरक्षण, या चार मुद्द्यांना धरूनच लिहावं लागतं. वीस वर्षांत दुकानाबाहेर भांडण झालं नाही, लहान मुलांना कधी बाटली दिली नाही, हे शेजाऱ्याने सांगितलं तर त्याला वजन येतं.

महाराष्ट्रात सोसायटीच्या हातात काय?

मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवी बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान सुरू करायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र बंधनकारक असेल. त्यामुळे पाठिंबा असो वा विरोध, तो दाखवायची सगळ्यात ठोस जागा आता सोसायटीची सभा आहे. रात्रीची गर्दी, पार्किंग, जिन्याखाली बसून पिणारे, हे सगळं तिथे आधीच बोलता येतं.

रस्त्यापलीकडच्या इमारतीला मात्र हा अधिकार मिळत नाही, गर्दीचा त्रास तिलाही तेवढाच होणार असला तरी. आणि ज्या गल्लीने ते दुकान वीस-पंचवीस वर्षं पाहिलं, तिथल्या लोकांचा अनुभव तर कुठल्याच कागदावर विचारला जात नाही.