निरोपाची वेगळी वाट

टेलिफोनचा इतिहास सांगताना आपण बहुधा ग्रॅहॅम बेलपासून सुरुवात करतो आणि त्याच्या यंत्राचं कौतुक करून थांबतो. पण दोन यंत्रं एका तारेनं जोडणं हे काम त्या मानानं सोपं होतं. खरी अडचण पुढं आली. गावात शंभर घरी टेलिफोन आले, तर कोणाची तार कोणाशी जोडायची, आणि बोलणं संपल्यावर ती सोडायची केव्हा? पुढं एका गावाचं जाळं दुसऱ्या गावाच्या, एका देशाचं दुसऱ्या देशाच्या जाळ्याला मिळालं, तेव्हा हा प्रश्न किती पटींनी वाढला असेल याची कल्पना करा. त्या जोडणीचीच हकिकत आज सांगायची आहे.

१८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं एक्स्चेंजं उघडली. तेव्हा जोडणीचं सारं काम माणसाच्या हाती होतं. गिऱ्हाइकानं नंबर सांगायचा आणि ऑपरेटरनं दोरीच्या टोकाची खुंटी योग्य भोकात बसवायची. पुढं परगावी बोलायचं झालं, तर या गावचा ऑपरेटर त्या गावच्या ऑपरेटरला हाक मारी, आणि दोघांत ठरे की वाट मोकळी आहे की नाही. ज्या तारेवर बोलणं व्हायचं, त्याच तारेवर ही बोलाचालीही होई. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी कथा तिच्यावरच उभी आहे.

ऑपरेटरची जागा यंत्रानं घ्यावी ही कल्पना अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर नावाच्या गृहस्थाची. त्याचा धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. आपल्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये काम करते आणि आपली गिऱ्हाइकं तिकडं वळवते, असा त्याला संशय होता म्हणे. ते कसंही असो, १८९१ साली त्याला पेटंट मिळालं आणि १८९२ साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी त्याचं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. आपल्याकडं ऑपरेटरवाचून थेट परगावी बोलण्याची सोय २५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान प्रथम झाली.

पण यंत्रानं यंत्राला हाक कशी मारायची? अमेरिकेत त्यासाठी सूर वापरले. लांब पल्ल्याची वाट रिकामी असली, की तिच्यावर सेकंदाला २६०० कंपनांचा सूर वाजत राही. सूर थांबला की वाट कामात आहे असं समजायचं. आता हे सूरही बोलण्याच्याच तारेवरून जात. म्हणजे तोच सूर गिऱ्हाइकानं काढला तर? यंत्राला बिचाऱ्याला फरक काय कळणार! जो एंग्रेसिया या जन्मांध मुलाला हा सूर नुसत्या शिटीनं काढता येई. न्याहारीच्या धान्याच्या पाकिटातून मिळणारी एक खेळण्यातली शिटीसुद्धा तोच सूर देई. मग काय, फुकट कॉल करणाऱ्यांची एक जमातच तयार झाली.

यावर उपाय निघाला तो असा. बोलणं एका वाटेनं जाऊ द्यायचं आणि जोडणीचा निरोप अगदी निराळ्या वाटेनं पाठवायचा. १९७६ साली अमेरिकेत शिकागो आणि मॅडिसन यांच्या दरम्यान ही पद्धत प्रथम सुरू झाली. त्याच वर्षी शिकागोत नव्या जातीचं डिजिटल एक्स्चेंजही आलं. डिजिटल म्हणजे काय? आवाजाचं माप सेकंदाला ८,००० वेळा घ्यायचं आणि प्रत्येक माप आकड्यांत लिहून पाठवायचं. १९८० साली आंतरराष्ट्रीय समितीनं निरोपांची एक सामाईक भाषा ठरवली. तिचं नाव सातवी सांकेतिक पद्धत. देशोदेशींची जाळी एकमेकांशी बोलू लागली, त्यात या भाषेचा वाटा मोठा.

पण या वाटेचंही एक दुखणं निघालं. १५ जानेवारी १९९० रोजी दुपारी न्यूयॉर्कमधल्या एका एक्स्चेंजला किरकोळ बिघाड जाणवला. ‘मला थोडा वेळ कॉल पाठवू नका’ असा निरोप शेजाऱ्यांना देऊन ते चार-सहा सेकंदांत सावरलं आणि पुन्हा कामाला लागलं. ‘हे सावरलं’ अशी नोंद शेजारी आपल्या दप्तरी करत होते. तेवढ्यात सेकंदाच्या शंभराव्या भागात त्याचाच दुसरा निरोप येऊन थडकला आणि नोंदीचा घोटाळा झाला. मग शेजारी बंद पडले, सावरले, आणि सावरल्याचे निरोप देताना आपल्या शेजाऱ्यांना पाडू लागले. अशी ११४ एक्स्चेंजं आळीपाळीनं पडत-उठत राहिली. सुमारे नऊ तास त्या कंपनीच्या जाळ्यावरचे निम्मेअधिक कॉल लागेनात.

कारण शोधलं तेव्हा सापडली आज्ञावलीतली एक चुकीच्या जागी पडलेली ओळ. महिन्यापूर्वीच ती नवी आज्ञावली सगळीकडं बसवली होती, आणि गंमत पाहा, एक्स्चेंजनं लवकर सावरावं म्हणूनच तिच्यात फेरफार केले होते! सगळीकडं तीच आज्ञावली, म्हणून सगळीकडं तीच चूक. अखेर निरोपांची गर्दी कमी केल्यावर रात्री जाळं थाऱ्यावर आलं, आणि मग जुनी आज्ञावली पुन्हा बसवली.

आपल्या देशातही या जोडणीचं काम वाढत गेलं. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिनं खेड्यापाड्यांसाठी देशी डिजिटल एक्स्चेंजं घडवली. पुढं मोबाईलच्या कंपन्या आल्या. मग २५ नोव्हेंबर २०१० रोजी, म्हणजे कानपूर-लखनौच्या त्या दिवसाला बरोबर पन्नास वर्षं झाली तेव्हा, जुना नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय हरियाणात सुरू झाली. २० जानेवारी २०११ पासून ती देशभर मिळाली. तेव्हापासून नंबर पाहून जाळं ओळखता येत नाही. हा नंबर आज कोणाच्या पदरी आहे, हे कॉल जोडण्याआधी नोंदवहीत पाहावं लागतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सातवी पद्धत घडली ती थोड्या, ओळखीच्या कंपन्यांसाठी. आलेला निरोप खरा मानायचा, हा तिचा रिवाज. जाळ्यात नाना तऱ्हेचे लोक शिरले तेव्हा हा भाबडेपणा महाग पडला. २०१४ साली हॅम्बुर्गच्या एका परिषदेत जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं, की खोटे निरोप पाठवून दूरच्या माणसाचा ठावठिकाणा काढता येतो, त्याचं बोलणंही ऐकता येतं. शिटी वाजवणाऱ्यांपासून वाचायला वेगळी वाट काढली, तर त्या वाटेवरही कोणाला येऊ द्यायचं हा प्रश्न उरलाच.

पूर्वी हाक देणाऱ्या ऑपरेटरचा आवाज दुसरा ऑपरेटर ओळखत असे. यंत्रांना ती ओळख अजून पुरती शिकवायची आहे.