मृत पैशाची वही

अमेरिकी फुटबॉलच्या जमाखर्चात 'डेड मनी', म्हणजे मृत पैसा, असा एक शब्द रूढ आहे. खेळाडू संघातून गेलेला असतो, पण त्याच्या नावावरची रक्कम संघाच्या वहीत उरते. श्रम आणि हिशेब यांच्या नात्याचा इतिहास या शब्दात दडला आहे, असे आम्हांस वाटते.

१९९२ साली मिनिआपोलिस येथील ज्यूरीने फ्रीमन मॅकनील व इतर खेळाडूंच्या दाव्यात एनएफएलचे संघबदलावरील निर्बंध स्पर्धाविरोधी ठरविले. पुढील वर्षी तडजोड झाली. अनुभवी खेळाडूंना करार संपल्यावर संघ बदलण्याची मुभा मिळाली. मालकांना वेतनमर्यादा मिळाली. १९९४ मध्ये ती प्रत्येक संघास ३ कोटी ४६ लाख डॉलर होती.

मर्यादेबरोबर युक्त्याही आल्या. सहीचा बोनस खेळाडूच्या हाती लवकर पडतो. वहीत मात्र तो कराराच्या वर्षांवर समान वाटला जातो. १९९५ मध्ये डॅलसने डिऑन सँडर्सला जवळपास १ कोटी ३० लाखांचा बोनस देऊन हेच साधले.

समजा, चार वर्षांच्या करारात बोनस २ कोटींचा आहे. दरवर्षी ५० लाख मांडले जातात. पहिल्या वर्षानंतर खेळाडूला सोडले, तर उरलेले दीड कोटी एकदम त्याच वर्षाच्या खाती चढतात. १ जूननंतर सोडल्यास ५० लाख त्या वर्षी आणि १ कोटी पुढील वर्षी. खेळाडूला यातून नवा पैसा मिळत नाही. तो त्याने पूर्वीच घेतलेला असतो. मरतो तो पैसा नव्हे, पुढे ढकललेला हिशेब जिवंत होतो.

२०२४ मध्ये डेन्व्हरने रसेल विल्सनला सोडले, तेव्हा हमी दिलेल्या वेतनासह हा भार सुमारे ८ कोटी ५० लाखांचा झाला आणि दोन वर्षांत विभागला गेला. तरीही त्या हंगामात संघ बाद फेरीत पोहोचला.

आमच्या मते खरा प्रश्न पुढेच आहे. एनएफएलमधील बहुतेक करारांत पूर्ण वेतनाची हमी नसते. ज्याचा बोनस मोठा, त्याला काढणे महाग. म्हणून वहीतील आकडाच त्याची ढाल ठरतो. ज्याचा बोनस नाममात्र, तो सहज जातो आणि वहीत त्याची खूणही फारशी उरत नाही. मृत पैशाची चर्चा होते ती नामवंतांची. इतिहास लिहिणाऱ्याने त्या कोऱ्या ओळीही वाचाव्यात.