यांत्रिक हत्यारांच्या नियंत्रकांतील दोषसूचना

लेथ, चक्री कर्तन यंत्र, छिद्रण यंत्र इ. यांत्रिक हत्यारे संख्यारूप आज्ञांनुसार चालविणाऱ्या नियंत्रकाला आज्ञावलीत, यंत्राच्या हालचालीत किंवा स्वतःच्या विद्युत् मंडलांत विसंगती आढळली म्हणजे तो काम थांबवितो आणि यंत्रचालकाला एखादी खूण, क्रमांक किंवा वाक्य दाखवितो. यास दोषसूचना म्हणतात. कारखान्याच्या बोलीत तिला सरसकट ‘अलार्म’ असे म्हटले जाते. नियंत्रकाच्या रचनेत ती गौण बाब समजली गेल्यामुळे तिचा इतिहास स्वतंत्रपणे क्वचितच सांगितला जातो. परंतु यंत्र थांबल्यावर यंत्रचालकाजवळ प्रत्यक्षात तेवढाच पुरावा असतो. त्याचा अर्थ लागला नाही, तर सूचना पुसून यंत्र पुन्हा चालू करणे हाच उपाय त्याला दिसतो. हत्यार मोडणे, कार्यवस्तू वाया जाणे व प्रसंगी इजा होणे यांची सुरुवात अनेकदा येथून होते.

हाताने चालवावयाच्या यंत्रावर अशा सूचनेची गरज नव्हती. कर्तनाचा बदललेला आवाज, निघणाऱ्या किसाचा रंग, हातचाकाला जाणवणारा विरोध यांवरून कुशल कारागिराला दोष व पुष्कळदा त्याचे कारणही कळत असे. संख्यात्मक नियंत्रणाने कारागिराचा हात हत्यारापासून दूर केला. मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथील जॉन टी. पार्सन्स व त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलेन यांनी हेलिकॉप्टरच्या घूर्णक पात्यांच्या आकारासाठी आकडेमोडीने काढलेल्या बिंदूंचा उपयोग करण्याची कल्पना मांडली. अमेरिकेच्या हवाई दलाने १९४९ मध्ये या कामासाठी करार केला व मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सेवा यंत्रणा प्रयोगशाळेने १९५२ मध्ये सिनसिनाटी हायड्रोटेल बनावटीच्या चक्री कर्तन यंत्रावर तीन अक्षांचे संख्यात्मक नियंत्रण करून दाखविले. आज्ञा छिद्रित कागदी फितीवरून वाचल्या जात. यापुढे दोष ओळखण्याचे काम कारागिराच्या कानाहाताकडून नियंत्रकाकडे आले आणि नियंत्रकाला जे कळले ते सांगण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच आली. पहिली गोष्ट तंत्रज्ञांनी झटून साधली. दुसरीकडे पुष्कळ काळ दुर्लक्ष झाले.

आरंभीच्या दोषसूचनांवर फितीचा ठसा स्पष्ट दिसतो. फितीच्या आडव्या ओळीतील छिद्रांच्या जुळणीने एक अक्षर किंवा अंक दर्शविला जाई. अमेरिकन इलेक्ट्रॉनीय उद्योग संघाच्या संकेतात प्रत्येक ओळीतील छिद्रांची संख्या विषम, तर आंतरराष्ट्रीय संकेतात सम ठेवण्यात येई. तेलाने किंवा झिजेने एखादे छिद्र चुकीचे वाचले गेल्यास ही समविषमता बिघडे. शिवाय एका आज्ञाखंडातील अक्षरांची एकूण संख्या सम आहे की नाही, हेही तपासता येई. जपानी फानुक कंपनीच्या नियंत्रकांत या दोन दोषांना अनुक्रमे ००१ व ००२ हे क्रमांक असून पहिल्याला ‘टीएच’ म्हणजे फितीवरील आडवी व दुसऱ्याला ‘टीव्ही’ म्हणजे उभी समविषमता असे नाव आहे. आज्ञावली नियंत्रकाच्या स्मृतीत ठेवण्याची सोय झाल्यावर फीत कारखान्यातून गेली. पण ही नावे सूचनांच्या यादीत राहून गेली. ज्याने फीत कधी पाहिलेली नाही, अशा यंत्रचालकाला त्यांचा उलगडा होणे कठीण आहे.

१९७० नंतरच्या दशकात लघुसंगणक व पाठोपाठ सूक्ष्मप्रक्रियक नियंत्रकात आले. तरीही स्मृती महाग असल्याने व दर्शनासाठी थोडेच अंक उपलब्ध असल्याने दोष क्रमांकानेच सांगण्याची प्रथा रूढ झाली. फानुकच्या अनेक नियंत्रकांत ०१० हा क्रमांक अमान्य ‘जी’ आज्ञा, ०११ हा सरकगती न दिल्याची चूक आणि ०२० हा वर्तुळचापाच्या त्रिज्येतील मर्यादेबाहेरची तफावत दर्शवितो. या पद्धतीची केवळ निंदा करणे योग्य होणार नाही. क्रमांक भाषेवर अवलंबून नसतो, दूरध्वनीवरून बिनचूक सांगता येतो आणि पुस्तिकेत चटकन सापडतो. पुस्तिका यंत्राजवळ नसली, की मात्र तो निरर्थक होतो. आणि ती पुष्कळदा कार्यालयातील कपाटात असते. सीमेन्सच्या सिनुमेरिक प्रणालीत क्रमांकांच्या पट्ट्यांनाच अर्थ दिलेला आहे. त्यातील ७,००,००० पासूनच्या सूचना यंत्र बनविणाऱ्या कारखान्याने स्वतः लिहावयाच्या असतात. यामुळे एकाच पडद्यावर दोन निरनिराळ्या लेखकांचे संदेश येतात. त्यांची भाषा व काटेकोरपणा सारखा असेलच असे नाही.

क्रमांकवजा सूचनेतील धोका सर्वांत तीव्रपणे दिसला तो यांत्रिक हत्यारांच्या क्षेत्राबाहेर. कर्करोगावरील प्रारण उपचारासाठी वापरलेल्या थेरॅक-२५ या संगणक-नियंत्रित प्रवेगकाने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना प्रारणाची प्रचंड अतिमात्रा दिली. त्यांपैकी टेक्सस राज्यातील घटनांत पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढेच दिसले. असे संदेश वारंवार येत असल्याने एक कळ दाबून पुढे जाण्याची चालकांना सवय झाली होती. मूळ दोष आज्ञावलीच्या रचनेत होता, हे खरे. परंतु संदेशाने तो उघड करण्याऐवजी झाकला. यांत्रिक हत्यारावर ‘रीसेट’ची कळ ज्या सहजतेने दाबली जाते, ती याच जातीची सवय आहे.

दोषसूचना वाक्यरूपात आणण्याच्या प्रयत्नांपैकी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेतील काम महत्त्वाचे आहे, कारण ते सर्वांना पाहण्यास खुले होते. या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’ हा नियंत्रक विकसित केला. टॉमस क्रेमर, फ्रेडरिक प्रॉक्टर व एलेना मेसिना यांनी ऑगस्ट २००० मध्ये त्यातील आज्ञा-विवरकाच्या तिसऱ्या आवृत्तीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक चुकीसाठी सरळ वाक्य योजलेले आहे : ‘अज्ञात जी आज्ञा वापरली’, ‘सरकगती शून्य असताना जी १ करता येत नाही’, ‘चापाच्या अंत्यबिंदूपर्यंतची त्रिज्या आरंभबिंदूपर्यंतच्या त्रिज्येहून भिन्न आहे’ इत्यादी. दोष सापडेपर्यंत विवरकाच्या कोणत्या उपविभागांतून मार्ग गेला त्यांची नावेही छापण्याची सोय होती. ती आज्ञावली लिहिणाऱ्याच्या उपयोगाची. यंत्रचालकाला तिचा काही उपयोग नाही. एकाच सूचनेचे दोन वाचक असतात ही अडचण येथे स्पष्ट होते.

हा नियंत्रक पुढे स्वयंसेवी विकसकांच्या हाती गेला व २०१२ च्या सुमारास ‘लिनक्ससीएनसी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यातील चापाच्या सूचनेत झालेली सुधारणा उद्‌बोधक आहे. पूर्वीच्या वाक्यात त्रिज्या भिन्न आहेत एवढेच सांगितले जाई. नंतरच्या आवृत्त्यांत त्याच वाक्यापुढे आरंभ, मध्य व अंत्य बिंदूंचे सहनिर्देशक, दोन्ही त्रिज्या आणि त्यांतील फरक येऊ लागला. याचा लाभ उदाहरणाने समजेल. हत्यार (५०, २०) या बिंदूवर आहे आणि (६०, २०) या मध्याभोवती १० मिमी. त्रिज्येच्या चापाने त्याला (६०, ३०) येथे जावयाचे आहे. मध्याचे स्थान ‘आय’ व ‘जे’ या अक्षरांनी सामान्यतः आरंभबिंदूपासूनच्या अंतराने, म्हणजे १० व ० असे द्यावे लागते. लिहिणाऱ्याने ते मूलबिंदूपासून मोजून ६० व २० दिले, तर नियंत्रक मध्य (११०, ४०) येथे धरतो. मग त्रिज्या सुमारे ६३·२५ व ५०·९९ मिमी. येतात. याउलट आकड्यांच्या संपूर्णीकरणामुळे दोष आला असेल, तर त्रिज्या १०·०० व १०·०२ अशा काही दिसतील. दोन्ही चुकांसाठी जुनी सूचना एकच होती. आकडे समोर येताच पहिली चूक मध्य मोजण्याच्या पद्धतीतील व दुसरी दशांशाच्या स्थळांतील आहे, हे वाचणाऱ्याला स्वतःच ओळखता येते. नियंत्रकाने कारणाबद्दल एक शब्दही सांगितलेला नाही; आपल्याजवळ असलेली माहिती फक्त दडवून ठेवली नाही.

कारण सांगण्याचा मोह आवरणे किती आवश्यक आहे, हे अनुगमन दोषावरून दिसते. आज्ञेनुसार अक्ष जेथे असावयास हवा आणि मापकानुसार तो जेथे आहे, त्यांतील अंतर ठराविक मर्यादेबाहेर गेले म्हणजे नियंत्रक यंत्र थांबवितो. फानुकच्या ४१० व ४११ या सूचना अनुक्रमे थांबलेल्या व हालत्या अक्षाच्या अशा दोषाच्या आहेत, तर सिनुमेरिकची २५०५० ही सूचना मार्गापासूनच्या विचलनाची आहे. लिनक्ससीएनसीत ही मर्यादा वेगानुसार बदलते. मंद गतीत ती लहान, तर जलद गतीत मोठी असते. दोषाचे मूळ बोथट हत्यारात, सैल पट्ट्यात, अडकलेल्या मार्गिकेत, दुर्बल विद्युत् चलित्रात, तुटलेल्या मापकाच्या तारेत किंवा अवाजवी प्रवेग मागणाऱ्या मांडणीत असू शकते. नियंत्रकाला यांतले काहीच दिसत नाही; त्याला केवळ अंतर दिसते. ‘चलित्र तपासा’ असे लिहिणारी सूचना वरकरणी अधिक स्पष्ट वाटेल, पण ती यंत्रचालकाला चुकीच्या दारापाशी नेऊ शकेल. अंतर किती होते, मर्यादा किती होती व त्या क्षणी वेग किती होता, हे सांगणारी सूचना अधिक उपयोगी ठरते.

दोष कोठे आहे हे सांगणेही वाटते तितके सोपे नाही. लिनक्ससीएनसीच्या २·८ या आवृत्तीत (२०२०) ‘अक्ष’ व ‘सांधा’ या संकल्पना पूर्णपणे वेगळ्या करण्यात आल्या. सांधे ० पासून मोजले जातात. दोन चलित्रांनी एकच वाय अक्ष ओढणाऱ्या कमानी यंत्रात ‘सांधा २’ असे म्हटल्याने नेमके कोणते चलित्र मागे पडले ते कळते. ‘वाय अक्ष’ असे म्हटल्याने ते कळत नाही. परंतु साध्या तीन अक्षांच्या यंत्रावर काम करणाऱ्याला ‘सांधा ०’ म्हणजे एक्स अक्ष, हे आधी शिकावे लागते. सूचना अधिक खरी झाली, अधिक सुबोध झाली असे मात्र म्हणता येत नाही.

ओळीच्या क्रमांकाबाबत असाच घोटाळा होतो. हालचाल अखंड राहावी म्हणून नियंत्रक पुढील ओळी आगाऊ वाचून रांगेत ठेवतो. त्यामुळे हत्यार एका ओळीचे कर्तन करीत असताना दोष पुढच्या कितीतरी ओळींनंतरच्या आज्ञेत सापडलेला असू शकतो, तर अनुगमन दोष नेहमी चालू हालचालीतीलच असतो. सूचनेत दिलेला क्रमांक वाचलेल्या ओळीचा की कापल्या जात असलेल्या ओळीचा, हे वेगळे नमूद केलेले नसल्यास यंत्रचालक निर्दोष ओळ दुरुस्त करीत बसतो. ‘अमुक ओळीतील सरळ हालचालीने अमुक सांध्याची धन मर्यादा ओलांडली जाईल’ या सूचनेत भविष्यकाळ आहे. हालचाल सुरू होण्यापूर्वीच ती अडविली गेली, हत्यार अजून मर्यादेच्या आत आहे, हे त्या क्रियापदावरूनच समजते.