नेमबाजी आणि कानांचे रक्षण : इलेक्ट्रॉनिक इअरमफ निवडताना

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी घालून दिलेली वाट त्यामुळे आणखी रुंद झाली. मुलाला किंवा मुलीला रेंजवर पाठविताना पालक रायफल, जॅकेट, बूट यांची बारकाईने चौकशी करतात. कानांचा विचार मात्र बहुधा सर्वांत शेवटी होतो. नेम चुकला तर तो सरावाने सुधारता येतो. स्फोटाच्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत मिळविता येत नाही. म्हणून कर्णरक्षणाची साधने, आणि विशेषतः हल्ली लोकप्रिय झालेले इलेक्ट्रॉनिक इअरमफ, नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

एका बाराचे मोल

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. पातळी २० डेसिबलने वाढली की ध्वनीचा दाब दहापट होतो. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबलपेक्षा अधिक गोंगाटात काम करू नये, अशी अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. बंदुकीसारख्या क्षणिक स्फोटासाठी प्रौढांची कमाल मर्यादा १४० डेसिबल मानली जाते. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ती १२० डेसिबल इतकी खाली ठेवली आहे.

पॉइंट टू-टू रायफलचा बार नेमबाजाच्या कानाशी १४० डेसिबलच्या आसपास पोहोचतो. आखूड नळीमुळे पिस्तुलाचा बार त्याहून तीव्र असतो. बारा बोअरची बंदूक व मोठ्या काडतुसांच्या रायफली १५० ते १७० डेसिबलपर्यंत जातात. नळीच्या तोंडावर झटका कमी करणारा मझल ब्रेक बसविला असेल, तर आवाज मागे आणि बाजूला फेकला जातो व शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही त्याचा फटका बसतो. बंदिस्त रेंजमध्ये भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनी त्यात भर घालतो. एअर रायफल व एअर पिस्तूल त्या मानाने बरीच सौम्य असतात.

आतल्या कानातील सूक्ष्म केशपेशी ध्वनीचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात. मनुष्यप्राण्यात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाव साधारणतः ३००० ते ६००० हर्ट्झच्या उंच स्वरांवर बसतो. त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि ‘लोक हल्ली पुटपुटतात’ अशी तक्रार सुरू होते. जोडीला कानात अखंड गुणगुण राहू शकते. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो, तर उजव्या कानाला डोक्याचा थोडा आडोसा मिळतो. म्हणूनच अशा नेमबाजांत डावा कान अनेकदा आधी बिघडतो.

यंत्रणा नेमके काय करते?

इलेक्ट्रॉनिक इअरमफविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. आतील यंत्रणा बाराचा आवाज ‘मारते’, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. बाराचा आवाज अडवते ती कानावर बसणारी जाड वाटी आणि तिच्या कडेची मऊ गादी. वाटीच्या बाहेर मायक्रोफोन असतो, आत छोटा स्पीकर. आजूबाजूचे बोलणे, प्रशिक्षकाची सूचना, रेंज अधिकाऱ्याची आज्ञा हे हलके आवाज यंत्रणा आत पोहोचविते, हवे तर वाढवून देते. बाहेरचा आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की स्पीकरमधून येणारा आवाज ती साधारण ८२ ते ८५ डेसिबलवर रोखून धरते. बार मात्र वाटीवर आदळतच असतो आणि वाटी व गादी यांच्या कुवतीइतकाच तो अडतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. बॅटरी संपली तरी संरक्षण कायम राहते, फक्त बोलणे ऐकू येत नाही. उलट गादीला भेग पडली किंवा ती कानाभोवती नीट टेकली नाही, तर कितीही महागडी यंत्रणा कान वाचवू शकत नाही. संगीत ऐकण्यासाठी मिळणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बंदुकीसाठी बनविलेले नसतात. त्यांवर विसंबू नये.

आकडा कसा वाचावा?

अमेरिकी बनावटीच्या वेष्टनावर ‘एनआरआर’ हा आकडा असतो, युरोपीय बनावटीवर ‘एसएनआर’. दोहोंची मोजण्याची रीत भिन्न असल्याने एकाच वस्तूचे दोन आकडे जुळत नाहीत. तुलना नेहमी सारख्या आकड्यांचीच करावी. हे आकडे प्रयोगशाळेत, अखंड आवाजावर, काळजीपूर्वक बसविलेल्या साधनांवर काढलेले असतात. प्रत्यक्षात इअरमफच्या एनआरआरमधून २५ टक्के आणि फोमच्या इअरप्लगच्या एनआरआरमधून ५० टक्के वजा धरावेत, असे ‘नायॉश’ने १९९८ मध्ये सुचविले होते. बाराच्या डेसिबलमधून वेष्टनावरचा आकडा सरळ वजा करून निश्चिंत होणे योग्य नव्हे.

रायफलसाठीच्या इअरमफची वाटी मुद्दाम पातळ ठेवतात, कारण जाड वाटी गाल टेकविताना दस्त्याला अडते आणि सरकून फट पडते. पातळपणाची किंमत संरक्षणात मोजावी लागते. हॉवर्ड लाइटच्या इम्पॅक्ट स्पोर्ट या परिचित इअरमफचा एनआरआर २२ आहे. जाड वाटीच्या साध्या इअरमफचा तो ३० च्या घरात असू शकतो. पिस्तुलासाठी दस्त्याची अडचण नसल्याने जाड वाटी खुशाल घ्यावी.

मोठ्या काडतुसांसाठी आणि बंदिस्त रेंजवर इअरप्लग घालून वर इअरमफ चढविणे श्रेयस्कर. या दुहेरी रक्षणात दोन आकड्यांची बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात सुमारे ५ डेसिबलची भर पडते, एवढेच धरावे. येथे इलेक्ट्रॉनिक इअरमफ विशेष उपयोगी पडतात. आत प्लग असला तरी आवाज वाढवून सूचना ऐकता येतात. फोमचा प्लग बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. कापसाचे बोळे हा पर्याय नव्हे.

खरेदीपूर्वी तपासावे असे

इअरमफ डोक्यावर चढवून, नेहमीचा चष्मा आणि टोपी घालून पाहावा. चष्म्याची जाड काडी गादीखाली फट पाडते. बारीक काडी आणि जेलची गादी असल्यास हा दोष कमी होतो. त्यानंतर रायफल घेतल्याचा पवित्रा घेऊन मान वळवावी. वाटी हलली तर तो इअरमफ आपला नव्हे. मुलांसाठी लहान डोक्याला घट्ट बसणारा वेगळा आकार घ्यावा.

यंत्रणेच्या बाबतीत दोन्ही वाट्यांवर स्वतंत्र मायक्रोफोन असावेत, म्हणजे आवाजाची डावी-उजवी बाजू कळते. कर्णपाळी झाकली गेल्याने पुढचा व मागचा आवाज ओळखणे मात्र कठीण जाते, हे ध्यानी ठेवावे. काही यंत्रणा बार होताच आतला आवाज क्षणभर पूर्ण तोडतात, तर काही तो केवळ दाबून ठेवतात. दुसऱ्या प्रकारात शेजारच्या लेनवर सतत गोळीबार सुरू असतानाही बोलणे तुटत नाही. आवाजाची कळ, सहज मिळणारी बॅटरी आणि आपोआप बंद होण्याची सोय याही गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत इअरमफ ठेवून देताना बॅटरी काढावी, गादीवरचा घाम पुसावा आणि गादी कडक झाल्यास बदलावी. सुट्या गाद्या मिळत नसतील, तर तो इअरमफ स्वस्त असूनही महाग पडतो.

स्पर्धा आणि शिकार

स्पर्धकांनी एक नियम आधीच जाणून घ्यावा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या स्पर्धांत ध्वनिग्राहक यंत्रणा असलेले कर्णरक्षक नेमबाजांना वापरता येत नाहीत. साधे प्लग व साधे इअरमफ चालतात. तेव्हा इलेक्ट्रॉनिक इअरमफ शिकण्याच्या काळात, तसेच प्रशिक्षक व रेंज कर्मचारी यांना उपयोगी. पण स्पर्धेची तयारी ज्या साध्या साधनावर होणार, त्याचीच सवय लावावी.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हौसेखातर शिकार करता येत नाही. अमेरिका, कॅनडा येथे मात्र परवाना काढून शिकार करता येते आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांनाही हा प्रश्न पडू शकतो. पानांची सळसळ ऐकू यावी म्हणून शिकारी कान उघडे ठेवतो आणि दिवसभरात एकदोनच बार काढायचे, अशी मनाची समजूत घालतो. परंतु १६० डेसिबलचा एक बारही कानाला इजा करण्यास पुरेसा असतो. सळसळ ऐकू देणारे आणि बार अडविणारे इलेक्ट्रॉनिक साधन खरे उपयुक्त ठरते ते येथेच. वाऱ्याची घरघर कमी करणारे मायक्रोफोनवरचे फोमचे आवरण त्यासाठी आवश्यक.

सरावानंतर कान बधिर वाटणे किंवा गुणगुणणे हा थकवा नसून इशारा आहे. ऐकू येणे एकाएकी कमी झाल्यास वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. नियमित सराव करणाऱ्याने वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून तिचा आलेख जपून ठेवावा. पुढच्या वर्षीची घट त्याच्याशी ताडूनच कळते. निवडीचा क्रमही असाच ठेवावा : आधी कानावर नीट बसणारी वाटी, मग तिचा आकडा आणि शेवटी यंत्रणा. दुकानात हा क्रम उलटा सांगितला जाईल. तो उलटा स्वीकारू नये.