ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणजे काय? खताच्या डब्यातल्या अळ्या मारण्याआधी हे वाचा

मागच्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर ओल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, तर आत नुसत्या अळ्या वळवळत होत्या. आई लगेच फिनेल घेऊन वर आली. मी तिला थांबवलं आणि फोटो काढून एका अ‍ॅपवर टाकला. अ‍ॅप म्हणालं, घरमाशीची अळी. डब्यावर बसलेल्या काळ्या माशीला तर त्याने चक्क गांधीलमाशी ठरवलं. दोन्ही उत्तरं चुकीची! ती होती ब्लॅक सोल्जर फ्लाय, शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. मूळची अमेरिका खंडातली ही माशी आता जगभरच्या उष्ण भागांत आढळते.

ओळखायची कशी? घरमाशीची अळी पांढरी, मऊ आणि एका टोकाला निमुळती असते. हिची अळी चपटी, मातकट रंगाची, कातडी चामड्यासारखी चिवट. मोठी माशी कुंभारणीसारखी दिसते, म्हणून घाबरायला होतं. पण फोटो झूम करून पंख मोजा. कुंभारणीला चार पंख असतात, हिला दोनच. शिवाय हिच्या पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या दिसतात. ही डंख मारत नाही आणि चावतही नाही.

आता जीवनचक्र बघू. मादी एका वेळी साधारण ५०० ते ९०० अंडी घालते, पण थेट कचऱ्यात नाही, तर त्याच्या जवळच्या कोरड्या फटीत. त्यामुळे डब्यात पुठ्ठ्याचा तुकडा टांगला की त्याच्या नळ्यांमध्ये अंडी सापडतात. सुमारे चार दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे फक्त खातात. सालं, शिळा भात, भाजी, अगदी तांबड्या रश्श्यातलं मटणसुद्धा! हाडूक मात्र तसंच राहतं. अडीच सेंटीमीटरपर्यंत वाढल्यावर अळी काळपट होते, खाणं सोडते आणि कोरड्या जागेच्या शोधात वर चढते. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. डब्यातून बाहेर जाणारी तिरकी फळी लावली, की तयार अळ्या स्वतःच चालत येऊन बादलीत पडतात. कोषात साधारण दोन आठवडे जातात. मग माशी बाहेर येते आणि आठवडाभरच जगते. एवढ्यात मीलन व्हायला तिला चांगलं ऊन लागतं. साध्या ट्यूबलाइटखाली ते सहसा जमत नाही. थंडीत हे सगळं चक्र लांबतं.

उपयोग काय? ओल्या कचऱ्याचं वजन निम्म्याहून जास्त कमी होतं. अळ्यांची गर्दी असेल तिथे घरमाशी अंडी घालायचं टाळते. वाळवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिनं असतात, म्हणून मासे आणि कोंबड्यांच्या खाद्यात ती सोयाबीन किंवा मासळीच्या भुकटीऐवजी वापरता येते. युरोपियन युनियनने २०१७ मध्ये मत्स्यशेतीसाठी आणि २०२१ मध्ये कोंबड्या व डुकरांसाठी कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली. पण तिथे खाद्यासाठीच्या अळ्या हॉटेल किंवा घरच्या खरकट्यावर वाढवायला बंदी आहे. त्यामुळे काय काय पडलंय माहीत नाही अशा डब्यातल्या अळ्या कोंबड्यांना घालू नका.

आपल्याकडच्या पावसात खरी अडचण ओलाव्याची. डब्यात पाणी साचलं की वास सुटतो, अळ्या बाहेर पळतात आणि मग घरात भांडण ठरलेलं. यावर उसाचं वाळलेलं पाचट बारीक करून मिसळा. ते आपल्या भागात मुबलक मिळतं. डब्याच्या तळाला भोकंही हवीत.

अळ्या गेल्यावर उरलेला काळा भुगा मात्र तयार खत नाही. तो पाचटाखाली तीन-चार आठवडे मुरू द्या. मी घाईघाईत ताजाच भुगा कढीपत्त्याच्या कुंडीत घातला आणि पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली.