वायूचा प्रवाह आणि झडपेची शिस्त
द्रवाऐवजी वायूच्या प्रवाहानेही मिश्रणातील घटक वेगळे करता येतील, असे मार्टिन व सिंज या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९४१ साली सुचविले. ही सूचना दहा वर्षे तशीच पडून राहिली. अखेर १९५२ मध्ये मार्टिन यांनीच जेम्स यांच्यासह नायट्रोजनच्या प्रवाहात स्निग्धाम्ले वेगळी करून दाखविली.

या यंत्रात घटक ओळखावयाचा तो नळीतून बाहेर पडण्याच्या वेळेवरून. प्रवाह बदलला की वेळ बदलते आणि ओळख चुकते.

पाणी चढताच राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात, हे आपण कोल्हापूरकर जाणतोच. येथेही दाबनियंत्रक दाब आपोआप सावरतो. पण तो किती असावा, हे माणसानेच ठरवावयाचे. तुपातील भेसळ हुडकण्यासही हे यंत्र वापरतात. झडप चुकीची लागली, तर निर्दोष दुकानदारही दोषी ठरेल!