गोधडीचे थर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी माळ्यावरून आईच्या लुगड्यांचं गाठोडं काढलं. थरावर थर अंथरायचे, काठाकडून मध्याकडे धावदोरा घालत जायचं. वेळच वेळ होता...

राज्याने तेव्हा लागू केलेला साथरोग कायदा होता १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरून तपासणी करत. रोगी सापडला की कपडे, अंथरूण-पांघरूण जाळलं जाई. २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. जळलेल्या गोधड्यांबद्दल मात्र एक वाक्यही बोलले नाही.

ऑगस्टमध्ये धाकटा भाऊ करोनाने गेला. शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. भावजयीने त्याचा एक सदरा पाठवला, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "जाळून टाका हो!" मी तो धुतला, चार दिवस उन्हात घातला आणि गोधडीच्या मधल्या थरात शिवला. वरून दिसत नाही. थंडीत नातवाच्या अंगावर घालते, तेव्हा मला ठाऊक असतं.

तुमच्या घरातल्या गोधडीत कोण कोण आहे हो?